विकत घेतलेली पदे आणि साष्टीचे तट



भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धे, राई, मोर्वे अशी गावे एकामागून एक लागतात. पुढे डोंगरी येते आणि रस्ता टेकडी चढून समुद्राकडे वळतो. त्या टोकाला चौक नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथल्या उंचवट्यावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले तर खाडीच्या मुखापलीकडे वसईचा किल्ला दिसतो. ह्या उंचवट्यावरच एके काळी धारावीचा किल्ला होता. धारावी म्हटले की हल्ली सगळ्यांना मुंबईतली वस्ती आठवते. ही धारावी वेगळी. जुन्या कागदांत जिला धारावी बेट म्हटले आहे ती ही. वसईची नाकेबंदी करायची तर हे टोक हाती हवे, कारण खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत इथल्या तोफेच्या टप्प्यात येते.

१७३९ च्या मार्च महिन्यात मराठ्यांनी धारावी घेतली आणि मे महिन्यात वसई पडली. चिमाजीअप्पांची ही मोहीम शाळेच्या पुस्तकात असते, गुरुजी मुलांना ती रंगवून सांगतात, आणि सांगावी अशीच ती आहे. पण लढाईला दोन बाजू असतात. मराठे कसे जिंकले हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. पोर्तुगीज कसे हरले हे फारसे कोणी विचारत नाही. ज्या सत्तेने दोनशे पाच वर्षे ह्या किनाऱ्यावर राज्य केले, जिच्याजवळ दगडी किल्ले होते, आरमार होते, साष्टीसारख्या सुपीक बेटाचा वसूल होता, तिचे तट ऐन वेळी अपुरे का ठरले? आज आपण जे पाहणार आहोत ते ह्या प्रश्नाच्या अनुषंगाने.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह ह्याने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. त्याला हुमायूनाची धास्ती होती. पोर्तुगीजांनी ह्या प्रांताला 'उत्तरेचा प्रांत' असे नाव दिले. वसई त्याचे मुख्य ठाणे. साष्टीतली गावे त्यांनी आपल्या सरदारांना आणि मठांना वाटून दिली. पट्टा साधारण तीन पिढ्यांचा, खंड अगदी थोडा, आणि त्याच्या बदल्यात अट अशी की धन्याने घोडा, हत्यार आणि माणसे बाळगावीत व प्रसंग पडला की प्रांताच्या रक्षणाला उभे राहावे. म्हणजे गावाच्या उत्पन्नावर प्रांताची राखण चालायची अशी ही योजना. योजना कागदावर वाईट नव्हती. पण पिढ्या उलटल्या तशी गावे राहिली, उत्पन्न राहिले आणि घोडा व माणसे मात्र कमी कमी होत गेली.

ह्याचे मूळ शोधायला गोव्याला आणि लिस्बनला जावे लागते. व्हाइसरॉय असो की एखाद्या किल्ल्याचा कप्तान असो, नेमणूक बहुधा तीन वर्षांची असे. पगार बेताचा, आणि नेमणूक म्हणजे राजाने केलेल्या चाकरीचे बक्षीस समजले जाई. एकेका किल्ल्यासाठी इतक्या जणांना आश्वासने दिलेली असत की वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागे. इतके थांबून, कर्ज काढून, तीन वर्षांसाठी हाती आलेला किल्ला माणूस कशासाठी वापरील, हे सांगायला इतिहासाचा प्राध्यापक नको. लिन्शोटेन नावाचा एक डच गृहस्थ १५८३ ते १५८८ ह्या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी नोकरीला होता. त्याने व्हाइसरॉयच्या तीन वर्षांचा हिशोबच मांडून ठेवला आहे: पहिले वर्ष घर लावण्यात आणि माणसे ओळखण्यात, दुसरे पैसा जमवण्यात, आणि तिसरे, पुढचा येऊन दप्तर उघडील तेव्हा अडचण होऊ नये म्हणून झाकपाक करण्यात. आता ह्यात बंधारा बांधायला, तट दुरुस्त करायला कोणते वर्ष उरले ते तुम्हीच पाहा.

१६१४ साली तर राजाने आडपडदाही ठेवला नाही. त्या वेळी पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होते, तिजोरीत खडखडाट होता, आणि डच आरमार पूर्वेच्या समुद्रात धुमाकूळ घालत होते. तेव्हा हुकूम निघाला की हिंदुस्थानातल्या कप्तानक्या आणि इतर अधिकारपदे विकून पैसा उभा करावा. लिलाव झाले. राजाला तातडीची रक्कम मिळाली. पण पद विकत घेणाऱ्याने ती रक्कम कुणाच्या तरी खिशातून परत काढायचीच होती, आणि त्याच्या हाताशी होते काय? व्यापाऱ्याचा जकातीचा माल, रयतेचे भात, शिपायांचा पगार आणि किल्ल्याचा चुना-दगड.

ह्याच्याही आधी सेंट फ्रान्सिस झेवियर ह्यांना हे दिसले होते. ते १५४४ साली वसईला येऊन गेले. पुढच्याच वर्षी पोर्तुगालातल्या आपल्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी 'लुबाडणे' ह्या अर्थाचे लॅटिन क्रियापद घेऊन म्हटले आहे की इकडचे अंमलदार हे एकच क्रियापद इतक्या रूपांनी चालवतात की आश्चर्य वाटावे. व्याकरण शिकवणाऱ्या गुरुजींना ह्याची गंमत वाटेल. आपल्या मराठीत हेच काम 'खाणे' हे क्रियापद करते, आणि तेही सर्व काळांत चालते.

पण सगळ्यांत तपशिलाने लिहिले ते दिओगो द कोउतो ह्याने. हा माणूस स्वतः तरुणपणी शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला आणि पुढे गोव्याच्या सरकारी दप्तराचा रखवालदार व इतिहासकार झाला. १६१६ साली तो वारला. 'अनुभवी शिपाई' अशा अर्थाच्या नावाचे त्याचे एक संवादरूप पुस्तक आहे. त्यात हिंदुस्थानात आयुष्य घालवलेला एक म्हातारा शिपाई लिस्बनमधल्या बड्या मंडळींना तिकडचा कारभार कसा चालतो ते ऐकवतो. कोउतोच्या हयातीत ते छापले गेले नाही. छापले गेले १७९० साली, म्हणजे वसई हातची जाऊन पन्नास वर्षे झाल्यावर!

त्यात पुन्हा पुन्हा येणारी एक गोष्ट म्हणजे हजेरीपट. मेलेले, पळून गेलेले, कधी न आलेले शिपाई हजेरीपटावर जिवंत असत आणि त्यांचा पगार अंमलदार उचली. हे प्रकरण नीट समजून घ्या, कारण ते वरवर दिसते तेवढे साधे नाही. समजा एका ठाण्यात शंभर शिपाई मांडले आहेत आणि प्रत्यक्षात चाळीस आहेत. साठ पगार खाल्ले गेले हा पहिला तोटा, तो पैशाचा. पण वरचा अधिकारी नकाशा समोर ठेवून बसला आहे. त्याच्या कागदावर त्या ठाण्यात शंभर माणसे आहेत, म्हणून तो तिकडे कुमक पाठवत नाही. तेवढ्याच दारूगोळ्याचा हिशोब धरतो, तेवढ्याच भरवशावर शेजारच्या ठाण्यातली माणसे काढून दुसरीकडे हलवतो. म्हणजे खोट्या हजेरीपटाने नुसता खजिना रिकामा होत नाही, तर राज्यकर्त्याचे डोळे जातात. आपल्याजवळ काय आहे हेच त्याला कळेनासे होते. माझ्या मते पोर्तुगीजांचे सर्वांत मोठे नुकसान हे होते.

शिवाय जे चाळीस खरोखर हजर असत त्यांनाही पगार वेळेवर मिळत नसे. मग तो शिपाई पोटासाठी कुणा सरदाराच्या दारात राही, नाही तर संन्यास घेऊन मठात जाई, नाही तर सरळ दुसऱ्या राजाच्या चाकरीला निघून जाई.

१६७५ साली फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर मुंबईहून ठाण्यावरून खाडीने वसईला गेला. वाटेत साष्टीच्या काठाने दिसणाऱ्या श्रीमंत पोर्तुगीजांच्या हवेल्यांचे आणि बागांचे त्याने वर्णन केले आहे. आजच्या घोडबंदर रस्त्याच्या बाजूचाच हा टापू. आणि त्याच्या आदल्या वर्षी, १६७४ मध्ये, काय घडले होते? मस्कतचे सुमारे सहाशे अरब वसईला उतरले आणि त्यांनी तटाबाहेरची चर्चे लुटली; तटातली शिबंदी मात्र बाहेर पडली नाही. हवेल्या उभ्या राहत होत्या, हे खरे. पैसा नव्हता असे नाही.

अठराव्या शतकात मराठे कोकणात उतरू लागले तेव्हा गोव्याच्या सरकारला जाग आली. १७२८ साली आंद्रे रिबैरो कुतिन्हो ह्याने उत्तरेच्या प्रांतातल्या किल्ल्यांची पाहणी करून अहवाल दिला. शिबंदी तुटपुंजी, शिस्त ढिली, आणि साष्टीसारखे मोलाचे बेट जवळजवळ उघडे, असे त्याचे सार आहे. ठाण्याच्या खाडीपलीकडून शत्रू आला तर त्याला अडवायला ठाण्यात नाव घेण्यासारखा किल्ला नव्हता. अहवाल चांगला होता. सरकारी कारभारात चांगल्या अहवालांची वाण कधीच नसते.

ठाण्याचा किल्ला बांधायला घेतला १७३० च्या सुमारास. सहा-सात वर्षे काम चालले. १७३७ च्या वसंतात चिमाजीअप्पांच्या फौजा कळव्याच्या बाजूने खाडी ओलांडून आल्या तेव्हा तो अर्धवटच होता. ठाणे पडले. त्याबरोबर साष्टी गेली, घोडबंदर गेले. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू ह्यांनी ह्या मोहिमेसाठी कितीतरी वर्षे खटपट केली होती. 'साष्टीच्या बखरी'त ती हकिकत आली आहे. रयत सरकारच्या बाजूने उभी राहिली नाही, किंबहुना तिच्यातले पुष्कळ लोक येणाऱ्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. ठाण्याचा तो अपुरा किल्ला मराठ्यांनी पुरा केला, पुढे इंग्रजांनी त्यात तुरुंग केला, आणि आजही ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह तिथेच आहे.

इथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, नाही तर सगळे खापर लाचखाऊ कप्तानांवर फोडले असे होईल. पोर्तुगीज हरले त्याची कारणे अनेक आहेत. धर्माच्या बाबतीत त्यांनी केलेल्या जबरदस्तीमुळे रयत दुखावलेली होती. ब्राझीलमध्ये सोने सापडल्यापासून लिस्बनचे लक्ष तिकडे लागले होते. आणि बाजीराव-चिमाजीअप्पांच्या मराठ्यांसारखा शत्रू त्या वेळी हिंदुस्थानात दुसरा नव्हता. पण ह्या प्रत्येक अडचणीला तोंड द्यायला जे साधन हवे होते, म्हणजे पुरा बांधलेला तट, भरलेले कोठार, वेळेवर पगार घेणारा शिपाई, ते साधनच आतून पोखरलेले होते.

आणि शिपाई भित्रा होता असेही कोणी समजू नये. १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत वसईची शिबंदी ज्या जिद्दीने लढली ती मराठ्यांनीही वाखाणली. मार्टिन्हो द सिल्वैरा हा त्यांचा सेनापती तटावर मारला गेला. मराठ्यांनी सुरुंग लावून सां सेबास्तियांव बुरूज उडवला, त्यात मराठ्यांचीही माणसे शेकड्यांनी पडली, आणि तरी खिंडारात लढाई चालूच होती. कायतान द सौजा ह्याने १६ मे रोजी तह केला तेव्हा चिमाजीअप्पांनी शिबंदीला सन्मानाने, हत्यारांसह बाहेर जाऊ दिले. शूर माणसाला त्याच्याच सरकारने उपाशी ठेवून लढवले, असा हा सगळा प्रकार आहे.

किती उपाशी ते एका व्यवहारावरून कळते. वेढा चालू असताना वसईकरांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी थोडा दारूगोळा दिला आणि पंधरा हजार रुपये कर्ज दिले. त्याला तारण म्हणून चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा घेतल्या. पंधरा हजार रुपये! साष्टी, वसई, दमण, चौल इतक्या मुलखाचा दोनशे वर्षांचा वसूल ज्यांनी घेतला त्यांना पंधरा हजारांसाठी देवापुढची समई गहाण टाकावी लागली.

तिकडे मुंबईत काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. वसई पडल्यावर इंग्रज घाबरले. पुढची पाळी आपली, असे त्यांना वाटले. त्यांनी शहराच्या कोटाभोवती खंदक खणायला घेतला, तेव्हा तिथल्या देशी व्यापाऱ्यांनी आपणहून तीस हजार रुपये वर्गणी दिली. कंपनीचे नोकर काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पगार थोडा आणि खासगी व्यापार मोठा अशीच त्यांचीही रीत होती, आणि पुढे बंगालात त्यांनी जी लूट केली तिची चौकशी विलायतेच्या पार्लमेंटात झाली. पण दिलेल्या तीस हजारांचा खंदकच होईल एवढा भरवसा मुंबईच्या व्यापाऱ्याला वाटला.

आता आपल्या घरात पाहू. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था सभासदाने सांगितली आहे. किल्ल्यावर एक धनी नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे बरोबरीचे कामगार. कोठारासाठी कारखानीस वेगळा. किल्ल्या हवालदाराकडे, पण हजेरी आणि हिशोब सबनिसाकडे, दाणागोटा कारखानिसाकडे. एकाने खोटे करायचे म्हटले तर दुसऱ्याला कळल्याशिवाय राहत नसे, आणि हे कामगार मुद्दाम निरनिराळ्या जातींचे नेमलेले असत. पगार रोख, गाव तोडून द्यायचे नाही. माणसे देवमाणसे होती म्हणून कारभार नीट चालला असे मी म्हणणार नाही. माणसे तीच होती, पण एकाचा हात दुसऱ्याच्या नजरेखाली होता.

ही शिस्त पुढे टिकली नाही, हे कबूल करावे लागते. ज्या वसईसाठी इतके रक्त सांडले त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले. पुण्याला परत आल्यावर त्याने मामलती इजाऱ्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त रक्कम बोलेल त्याला परगणा. बोलणारे पुष्कळदा दरबारातले हुजरे आणि त्यांचे सोबती. इजारदार स्वतः परगण्यात जात नसे, तो पोटइजारदाराला देई, आणि मुदत संपायच्या आत कोणी वाढीव रक्कम बोलला की पहिल्याची उचलबांगडी होई. मग तो पहिल्या वर्षातच होईल तेवढे ओरबाडून घेई. गावची विहीर, बंधारा, पाटस्थळ ह्यांवर खर्च करायचा म्हणजे पुढच्या इजारदाराचे भले करायचे! न्यायनिवाडाही त्याच इजारदाराच्या हाती. १८१९ सालच्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टनने ही स्थिती वर्णिली आहे. तो जेता होता, तेव्हा त्याचे बोलणे थोडे चाळूनच घ्यावे. पण ह्या बाबतीत आपलेही कागद त्याच्याशी फारसे भांडत नाहीत. १६१४ चा लिस्बनचा लिलाव आणि पुण्याचा हा लिलाव ह्यांत फरक काय, तो तुम्ही शोधा.

इंग्रजी अमलात पदांचा उघड लिलाव थांबला. पण १८८८ साली पुण्यात एक प्रकरण बाहेर आले आणि सगळी मुंबई इलाख्यातली कचेरी हादरली. आर्थर क्रॉफर्ड हा मध्य भागाचा कमिशनर. हा तोच क्रॉफर्ड, ज्याच्या नावाने मुंबईची मंडई अजूनही ओळखली जाते. १८६५ साली तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. त्याने शहर साफ केले, रस्ते केले, मंडई उभारली, हे मान्य केले पाहिजे. पण खर्चाला लगाम नव्हता आणि विचारणारे कोणी नव्हते. करदात्यांनी आरडाओरडा केला, १८७१ मध्ये त्याला जावे लागले, आणि १८७२ च्या कायद्याने करदात्यांनी निवडलेले सभासद म्युनिसिपालिटीत आले. मुंबईकराला मताचा हक्क मिळाला तो अशा बेहिशेबी खर्चाच्या पोटी. हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हाच माणूस पुढे पुण्याला कमिशनर असताना गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला होता. चांगल्या तालुक्याची बदली, बढती, ह्यांसाठी मामलेदारांकडून मध्यस्थामार्फत पैसे घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला. चौकशी लागताच तो वेष पालटून मुंबईला निघून गेला आणि तिथे पकडला गेला. तीन सभासदांचे कमिशन पुण्यात बसले. मामलेदारांनी साक्ष द्यावी म्हणून गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या सरकारने त्यांना अभय दिले होते. कमिशनने लाचेचा आरोप सिद्ध मानला नाही, हाताखालच्यांकडून कर्जे काढल्याचा मानला. क्रॉफर्डला नोकरीवरून काढण्यात आले. नंतर त्याने आठवणींची पुस्तके लिहिली आणि सुखाने म्हातारपण काढले. पैसे देणारे मामलेदार मात्र विलायतेत टीकेचा विषय झाले. लाच देऊन बसलेला न्यायाधिकारी खुर्चीवर कसा ठेवता, असा प्रश्न निघाला, आणि दिलेल्या वचनाला बगल देऊन त्यांतल्या काहींना घरी पाठवण्यात आले. लोकमान्य टिळकांनी त्यांची बाजू घेतली ती ह्याच कारणाने. बळी तो कान पिळी म्हणतात ते असे.

ह्यात तुमच्या-माझ्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस मामलेदारही नव्हे आणि कमिशनरही नव्हे. दहाच वर्षांपूर्वी, १८७६ ते ७८ मध्ये, दख्खनेत भयंकर दुष्काळ पडून गेला होता. तगाई, साऱ्याची तहकुबी, रस्त्याची कामे, सगळे मामलेदाराच्या कचेरीतून. ज्याला बदलीसाठी हजारो रुपये उभे करावे लागतात त्याच्या कचेरीत तगाईचा अर्ज घेऊन जाणाऱ्या कुणब्याची काय अवस्था होत असेल? महात्मा फुले सरकारी बांधकामांची कंत्राटे स्वतः घेत असत, त्यामुळे खात्यांतले व्यवहार त्यांनी जवळून पाहिले होते. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात एकेका खात्यातला कामगार शेतकऱ्याला कसा नागवतो ह्याचे त्यांनी न डगमगता वर्णन केले आहे. क्रॉफर्ड प्रकरणाच्या पाच वर्षे आधी. जाता जाता सांगतो, पुण्याच्या म्युनिसिपालिटीत असताना फुल्यांनी नव्या मंडईवर होणाऱ्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे जावा असे त्यांचे म्हणणे. आज पुण्याची ती मंडई आणि मुंबईची क्रॉफर्ड मंडई, दोन्हींना फुल्यांचे नाव आहे.

आता परत आपल्या खाडीकाठी येऊ. भाईंदर, मिरे, नवघर, घोडबंदर ही मीठ, भात आणि मासळीवर जगणारी गावे. १९८५ साली त्यांची नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या खानेसुमारीत इथे पावणेदोन लाख लोक होते. २००१ मध्ये पाच लाख वीस हजार झाले, आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. वीस वर्षांत साडेचारपटीहून अधिक! जिथे माणसे इतक्या वेगाने येतात तिथे जमिनीच्या प्रत्येक कागदाला भाव येतो, आणि सही करणाऱ्याच्या सहीलाही.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू असा होता की शहरातली जास्तीची जमीन सरकारकडे यावी आणि तिथे सामान्य माणसाला घर मिळावे. महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये मागे घेतला. त्या कायद्याखालची बनावट प्रमाणपत्रे करून मीरा-भाईंदरमधल्या जमिनी मोकळ्या करून घेतल्याचा आरोप ठेवून ठाण्यात २०१६ साली गुन्हा नोंदला गेला, आणि २०२१ मध्ये काही अधिकाऱ्यांना अटक झाली. आरोप म्हणजे निकाल नव्हे. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि त्यावर मी बोलणार नाही. पण प्रमाणपत्र खोटे असेल तर काय हरवते, एवढे कोणालाही सांगता येईल: सरकारकडे येणारी जमीन, म्हणजे उद्याची घरे, शाळेची इमारत, दवाखाना, मुलांचे मैदान. आणि एकदा तिथे सात मजले उभे राहिले, त्यात कष्टाने पैसे साठवलेली कुटुंबे राहायला आली, की ती जागा परत मिळवणे कुणालाच शक्य नसते.

खेड्यातल्या श्रोत्यांना वाटेल की ही शहराची दुखणी. तसे नाही. पोर्तुगीजांच्या हजेरीपटाची गोष्ट मी मघाशी सांगितली ती मुद्दाम. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्यात रोजगार हमीची कामे निघाली, त्यावर १९७७ मध्ये कायदा झाला, लाखो माणसांची चूल त्यावर पेटली. आणि त्याच कामांच्या हजेरीपटावर न आलेल्या मजुरांची नावे चढतात अशा तक्रारीही जिल्ह्याजिल्ह्यांतून आल्या. कोउतोचा म्हातारा शिपाई तिथे असता तर त्याला काहीच नवे वाटले नसते.

त्याच्याजवळ मात्र एक गोष्ट नव्हती, ती तुमच्याजवळ आहे. त्याला हजेरीपट मागता येत नव्हता. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने साध्या कागदावर अर्ज करून, दहा रुपये फी भरून, तीस दिवसांत उत्तर मागता येते. गावातला रस्ता, शाळेची खोली, पाण्याची टाकी, कोणतेही सरकारी काम घ्या. त्याचे अंदाजपत्रक असते, ठेकेदाराला दिलेला कार्यादेश असतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोजमाप पुस्तक असते. किती लांब, किती रुंद, किती जाड, हे अभियंत्याने त्यात मोजून लिहिल्याशिवाय बिल निघत नाही. तेव्हा त्या पुस्तकाच्या पानाची नक्कल मागवावी आणि जागेवर जाऊन फीत लावावी. शिक्षकांना सांगतो, सातवीच्या मुलांना लांबी-रुंदी-जाडीचे गणित शिकवायला ह्याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. आणि एक कलम फारसे कोणाला ठाऊक नसते: ह्या कायद्याने नुसते कागद पाहता येतात असे नाही, तर चालू कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या मालाचा, म्हणजे डांबराचा, सिमेंटचा, खडीचा प्रमाणित नमुनाही मागून घेता येतो.